फोर बाय फोर आहे, पण नऊ दिवसांत स्पिती?

पत्राचा सारांश : ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहणारे ४४ वर्षांचे एक गृहस्थ लिहितात, की दीड वर्षापूर्वी त्यांनी डिझेलवर चालणारी फोर बाय फोर गाडी घेतली आणि तेव्हापासून माळशेज, कसारा, ताम्हिणी हे घाट भर पावसातही अनेकदा पार केले. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ९ दिवसांची रजा काढून पत्नी, १३ वर्षांची मुलगी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे ७१ वर्षांचे वडील यांच्यासह ठाण्याहून गाडीनेच निघायचे, मनालीमार्गे कुंझुम खिंड ओलांडून हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातल्या काझाला पोहोचायचे आणि किन्नौर-सिमला मार्गाने परतायचे, असा त्यांचा बेत आहे. सोसायटीतल्या आणखी चार गाड्या बरोबर आहेत आणि हॉटेलांचे आगाऊ पैसेही भरून झाले आहेत. पत्नीचा मात्र विरोध आहे. "तुला जायचं तर तू जा, पण बाबांना आणि मुलीला घेऊन त्या रस्त्याने नको. नाहीतर तिथला ड्रायव्हर घेऊ," असे त्या म्हणतात. "इतकी सक्षम गाडी असताना ही भीती रास्त आहे का? माझ्या हातावर तिचा विश्वास नाही, याचे वाईट वाटते. तिला कसे पटवू?" असा या वाचकांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातले पत्नीचे शब्द मी पुन्हा नीट वाचले. त्यांत तुमच्या गाडी चालवण्याबद्दल एक अक्षरही नाही. त्यांनी दोन माणसांचा विषय काढला आहे आणि एका रस्त्याचा. अविश्वासाचा अर्थ तुम्ही त्यात वाचला आहे. हौसेने गाडी घेतलेल्या माणसाला "तिथला ड्रायव्हर घेऊ" हे वाक्य बोचणार, हे मी समजू शकते. परंतु त्या बोचण्यामुळे तुमचा प्रश्न "तिला कसे पटवू" असा झाला आहे, आणि तो "आमचा बेत बरोबर आहे का" असा असायला हवा होता, असे मला मनापासून वाटते. म्हणून आधी गाडीचा विचार करू, मग बेताचा. पत्नीशी काय बोलावे हे त्यातूनच निघेल.

चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाल्याने गाडी चिखलातून, सुट्या खडीवरून, ओल्या चढावरून पुढे सरकते. जिथे दोनच चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीचे चाक जागच्या जागी गरगरत राहते, तिथे तुमची गाडी बाहेर पडते. हा फायदा खरा आहे आणि मनाली-काझा वाटेवरच्या ग्रामफू ते लोसर या खडकाळ पट्ट्यात तो उपयोगीच पडतो. मात्र हा फायदा पुढे जाण्यापुरता आहे. थांबण्याच्या बाबतीत तुमची गाडी आणि शेजाऱ्यांची साधी हॅचबॅक यांत या कारणाने काहीच फरक पडत नाही, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. निसरड्या उतारावर गाडी किती अंतरात थांबेल, हे टायर, वेग आणि वजन ठरवतात, आणि वजनाच्या बाबतीत तुमची गाडी हॅचबॅकपेक्षा कितीतरी जड आहे. ती उंचही आहे, त्यामुळे वळणावर ती बाहेरच्या बाजूला अधिक कलते; छतावरच्या कॅरिअरवर सामान बांधले की हा कल आणखी वाढतो. याहून एक सूक्ष्म धोका असा, की फोर बाय फोर गाडी निसरडा चढ इतक्या सहज चढते की रस्ता निसरडा आहे हेच चालकाला जाणवत नाही. ते कळते ब्रेक दाबल्यावर, आणि तोपर्यंत वेग वाढलेला असतो.

माळशेज आणि ताम्हिणीच्या अनुभवालाही मी कमी लेखत नाही. धुक्यात डिपर कसा वापरावा, आंधळ्या वळणावर हॉर्न देऊन आपली बाजू कशी धरावी, पावसात कड्याखाली गाडी का उभी करू नये, हे सगळे आपल्या घाटांनी तुम्हाला शिकवले आहे आणि ते तिथेही कामी येईल. परंतु माळशेजमध्ये गाडी बंद पडली तर खालून मुरबाडहून किंवा वरून ओतूरहून मेकॅनिक येतो, टोचन करणारी गाडी मिळते आणि संध्याकाळपर्यंत तुम्ही घरी असता. कसाऱ्यात तर महामार्गच आहे. ग्रामफू सोडल्यानंतर बातलच्या ढाब्यांसारखे तुरळक आसरे वगळता लोसरपर्यंत धड वस्ती नाही, मोबाइलला नेटवर्क मिळेल असे धरून चालता येत नाही आणि मनालीत टाकी भरली की त्या वाटेवर पुढचा पंप थेट काझाला. उपग्रहाच्या साहाय्याने चालणारा फोन किंवा संदेशयंत्र सरकारी परवानगीशिवाय जवळ बाळगणे आपल्याकडे बेकायदा आहे. तेव्हा कुणी परदेशातून आणून दिला तरी तो बरोबर घेऊ नका.

आता बेताकडे येते, कारण तुमच्या पत्रात मला रस्त्यापेक्षा तारखा जास्त खटकल्या.

ठाण्याहून चंदीगडच सुमारे १,६५० किलोमीटर आहे. सत्तरीतले वडील आणि शाळकरी मुलगी बरोबर असताना हे अंतर जाताना तीन आणि येताना तीन दिवसांत कापायचे म्हटले, तर ९ पैकी ६ दिवस मैदानातच जातात. उरलेल्या तीन दिवसांत चंदीगड, मनाली, काझा, किन्नौर, सिमला आणि पुन्हा चंदीगड असा हजाराच्या आसपास किलोमीटरचा डोंगरी रस्ता तुम्ही बसवला आहे. यातला मनाली ते काझा हा टप्पा दोनशेच्या आतबाहेर किलोमीटरचा आहे, पण त्याला उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंतचा वेळ लागू शकतो. मैदानात रोज पाचशे किलोमीटर गाडी हाकून थकलेला माणूस पाचव्या दिवशी आयुष्यातल्या सगळ्यात अवघड रस्त्यावर चाक धरणार, असा या बेताचा अर्थ होतो.

आणि यात मोकळा दिवस एकही नाही. दरड कोसळून रस्ता अर्धा दिवस बंद राहिला, नाल्याला पाणी जास्त आले, वडिलांचे डोके दुखू लागले, यांपैकी काहीही झाले की तुम्हाला थांबावे किंवा मागे फिरावे लागेल. आणि तुमच्या वेळापत्रकात थांबायला जागा नाही, मागे फिरायला त्याहून नाही. अशा वेळी चांगला चालकही अंधारात गाडी काढतो, जास्त पाण्यात गाडी घालतो, "होईल काहीतरी" म्हणत पुढे जातो. दुर्गम डोंगरात गाडी सुरक्षित चालवण्यासाठी जे जे लागते, त्यात मागे फिरण्याची मुभा मी सर्वांत वर ठेवते, आणि ती मुभा तुमच्या गाडीने नव्हे तर रजेच्या अर्जाने काढून घेतली आहे.

हे सगळे काल्पनिक नाही. हिमाचलात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या शेवटच्या आठवड्यातच पोहोचतो. स्पिती स्वतः पर्जन्यछायेत आहे, आपल्याकडे माण-खटाव जसे सह्याद्रीच्या आड आहेत तसे. पण तिथे पोहोचण्याचे दोन्ही रस्ते, मनालीचा आणि सिमल्याकडून किन्नौरमध्ये शिरणारा, पावसाच्या पट्ट्यातून जातात. २०२१ मध्ये किन्नौरमध्ये २५ जुलैला बटसेरीजवळ डोंगरावरून सुटलेल्या दगडांखाली पर्यटकांची गाडी सापडली आणि ९ जणांचा जीव गेला. त्याच वर्षी ११ ऑगस्टला निगुलसरी येथे महामार्गावरच्या एसटीसारख्या प्रवासी बसवर आणि इतर वाहनांवर दरड कोसळून २५हून अधिक माणसे गेली. जुलै २०२३ मध्ये चंद्रताल सरोवराच्या परिसरात ऐन पावसाळ्यात बर्फ पडले आणि सुमारे ३०० पर्यटक काही दिवस अडकून पडले. आपल्याकडे दरड बहुधा मुसळधार पावसात कोसळते, म्हणून आपण पावसाकडे पाहून अंदाज बांधतो. तिथे उन्हाने बर्फ वितळल्यावर आणि वारा सुटल्यावर कोरड्या दुपारीही दगड सुटतात. दगड पडण्याच्या जागी थांबून फोटो काढू नयेत, वर पाहून एका दमात पुढे जावे आणि पुढचा रस्ता बंद असेल तर उघड्या, सपाट जागी मागे येऊन थांबावे, एवढेच चालकाच्या हाती असते.

वडिलांबद्दल तुम्ही फक्त "गोळी चालू आहे, तब्येत ठणठणीत आहे" एवढे लिहिले आहे. रक्तदाब आटोक्यात असला म्हणजे उंचीवर जाताच येत नाही असे नव्हे, परंतु तो निर्णय त्यांच्या डॉक्टरांनी मार्गाचा नकाशा पाहून द्यावा, तुम्ही किंवा मी नव्हे. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे आणि मनाली गावच त्याहून उंच, दोन हजार मीटरच्या वर वसले आहे. तिथून एका दिवसात तुम्ही सुमारे ४,५५० मीटरची कुंझुम खिंड ओलांडून साडेतीन हजार मीटरहून उंच असलेल्या काझाला झोपणार आहात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो. तुमच्या बेतात ही वाढ एका रात्रीत दीड हजार मीटरच्या पुढे जाते. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही सुरुवातीची लक्षणे. चालताना झोक जाणे, बसल्या जागी धाप लागणे, बोलण्यात गोंधळ होणे ही धोक्याची, आणि त्यावर खरा उपाय एकच, तातडीने खाली उतरणे. उंचीसाठीच्या ज्या गोळ्या लोक एकमेकांना सुचवतात, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वडिलांना देऊ नका; सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांना त्या त्रासदायक ठरू शकतात.

इथेच मार्गाची दिशा महत्त्वाची ठरते. काझाहून मनालीकडे "खाली" यायचे तर आधी जवळपास हजार मीटर वर चढून कुंझुम ओलांडावी लागते, म्हणजे आजारी माणसाला घेऊन आधी अधिक विरळ हवेत जायचे. किन्नौरच्या बाजूने गेलात तर नारकंडा, मग सुमारे २,९६० मीटरवरचे कल्पा, मग ३,३०० मीटरच्या आसपासचे ताबो आणि मग काझा, असे एकेक पायरी चढता येते आणि परत येताना वाट ओळखीची असते. वाटेत नाकोचा चढ लागतो, पण मुक्काम पुढे खालच्या ताबोला करता येतो. वडील बरोबर असोत वा नसोत, पहिल्यांदा जाणाऱ्याने याच बाजूने जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उंचीचा परिणाम चालकावरही होतो. पत्रात तुमची पत्नी गाडी चालवते की नाही, हे लिहिलेले नाही. तुमचे डोके भणभणायला लागले, उलट्या सुरू झाल्या, तर त्या गाडीचे चाक कोण धरणार? बेत कोणताही ठरो, त्यात तुमची गाडी आत्मविश्वासाने चालवणारा दुसरा माणूस हवाच.

आता प्रत्यक्ष चालवण्यातल्या दोन-तीन गोष्टी जरा सविस्तर सांगते, कारण त्या तुमच्यासारख्या इतर वाचकांनाही लागतील.

पहिली गोष्ट उताराची. रविवारी संध्याकाळी माळशेजचा घाट उतरून खाली टपऱ्यांपाशी थांबलेल्या गाड्यांजवळ उभे राहिलात, तर काही गाड्यांच्या चाकांतून जळक्या रबरासारखा उग्र वास येत असतो. त्या गाड्या वरपासून खालपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून उतरलेल्या असतात. घर्षणाने तबकड्या आणि पॅड इतके तापतात की पकड कमी होत जाते, आणि ब्रेक ऑइल जुने, ओल धरलेले असेल तर त्याला उकळी येऊन पेडल मऊ पडते आणि तळाला जाते. माळशेज थोड्या वेळात संपतो म्हणून बहुतेकांचे निभावते. स्पितीच्या वाटेवरचे उतार संपता संपत नाहीत. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये तो उतार उतरा, ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा वेग वाढला की नीट दाबून पुन्हा सोडा, आणि डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करण्याचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. तीव्र, सुट्या दगडांच्या उतारावर फोर लो, म्हणजे चारही चाके जोडून वेग कमी आणि जोर जास्त देणारी गिअरची जोडणी, लावा. तिथे इंजिनच गाडीला चारही चाकांनी मागे धरून ठेवते, आणि फोर बाय फोरचा हा उपयोग चढण्यापेक्षाही मोलाचा आहे. ब्रेक तापलेच तर डोंगराच्या बाजूला रुंद जागी थांबून ते आपोआप निवू द्या, त्यावर पाणी ओतू नका. निघण्यापूर्वी ब्रेक ऑइल कधी बदलले ते पाहा. दोन वर्षे होत आली असतील तर बदलूनच निघा.

फोर हाय आणि फोर लो यांबद्दल गाडीची पुस्तिका एकदा शांतपणे वाचा, कारण सगळ्या गाड्यांची रचना सारखी नसते. हवे तेव्हाच चारही चाके जोडणाऱ्या गाडीत कोरड्या डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर ती जोडून वळणे घेऊ नयेत. वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापायचे असते; जमीन सैल असेल तर चाके थोडी घसरून ते जुळवून घेतात, कोरड्या रस्त्यावर तसे होत नाही आणि सगळा ताण आतल्या दातेरी चाकांवर येतो. गाडी रुतल्यावर मग घाईने लिव्हर ओढण्यापेक्षा अवघड पट्टा दिसताच आधी थांबून फोर लो लावणे केव्हाही बरे.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे ओढा पावसाने फुगतो, तिथे नाला उन्हाने फुगतो. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी, वर दिवसभर बर्फ वितळले की दुपारी गुडघ्याच्या वर जाते; म्हणून तिथले चालक पहाटे निघतात आणि दुपारच्या आत नाले ओलांडून मोकळे होतात. नाल्यापाशी आलात की आधी थांबा आणि गाडीतून उतरा. वितळलेले पाणी राखाडी, गढूळ असते, तळाचे दगड दिसत नाहीत. समोरून किंवा मागून येणारी गाडी कशी जाते ते पाहा: तिचे चाक कुठे खाली बसते, पाणी बंपरपर्यंत येते की धुऱ्यापर्यंत, प्रवाह तिला बाजूला ढकलतो का. पुस्तिकेत पाण्याची जी कमाल खोली दिलेली असते ती संथ पाण्यासाठी समजा. वाहत्या पाण्यात तिच्या अर्ध्यावरच सावध व्हा. जायचे ठरले तर फोर लोमध्ये पहिला किंवा दुसरा गिअर, काचा खाली, एकसारखी सावकाश गती, मध्ये क्लच नाही आणि गिअर बदलणे नाही. एक गाडी पूर्ण पलीकडे गेल्याशिवाय दुसरी पाण्यात घालू नये. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नका. आत पाणी शिरले असेल तर इंजिन कायमचे निकामी होते. पलीकडे गेल्यावर हलके दोन-तीनदा ब्रेक दाबून ते कोरडे करा. आणि पाणी पाहून शंका आली, तर रात्रभर थांबून पहाटे यायचे. तुमच्या बेतात ही रात्र कुठे आहे, ते मला दाखवा.

अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली तर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचे, असा आपल्या वाहतूक नियमांतही स्पष्ट दंडक आहे. प्रत्यक्षात मात्र ज्याच्या मागे रुंद जागा जवळ आहे त्याने मागे घेणे शहाणपणाचे असते, आणि समोरचा ट्रक किंवा बस असेल तर बहुधा ते तुम्हीच असता. मागे घेताना एका मोठ्या माणसाने उतरून, चालकाला आरशात दिसेल अशा जागी डोंगराच्या बाजूला उभे राहून इशारा करावा. दरीच्या बाजूला किंवा गाडीच्या थेट मागे कुणीही उभे राहू नये, मुलीला तर हे काम मुळीच देऊ नये. दरीकडची कड भक्कम दिसली तरी खालून पोखरलेली असू शकते, म्हणून चाक तिच्यापासून हातभर आत ठेवा.

पाच गाड्यांचा ताफा असल्याने धीर येतो हे खरे, आणि टोचन करायला दुसरी गाडी असणे हा मोठाच आधार आहे. परंतु ताफ्याचे एक ओझेही असते: मागे फिरावेसे वाटणारा माणूस इतर चार कुटुंबांकडे पाहून गप्प बसतो. निघण्यापूर्वीच असे ठरवा, की एकानेही "आज नको" म्हटले तर सगळे थांबतील आणि त्याच्याकडून कारण मागितले जाणार नाही. सगळ्यात कमी अनुभवी चालकाला मधे ठेवा, प्रत्येकाने आपल्या मागची गाडी आरशात दिसते आहे ना हे पाहत राहा आणि फाट्यावर मागची गाडी आल्याशिवाय पुढे जाऊ नका. टोचन करताना दोर कशाला बांधायचा हे इथेच शिकून घ्या. ट्रकवर गाडी बांधण्यासाठी दिलेला बारीक हुक किंवा मागचा ट्रेलरचा गोळा यासाठी नसतो. जोराच्या झटक्याने तो निखळला तर लोखंडाचा तो तुकडा गोळीसारखा सुटतो आणि माणूस मरू शकतो. पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच दोर अडकवा, दोराच्या मधोमध जाड घोंगडी टाका आणि दोराच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर सगळ्यांना उभे करा. पुष्कळदा त्याआधी चाकांपुढची माती फावड्याने काढली तरी भागते. आणखी एक विनंती. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये वाहतूक कोंडी टाळायला एकाने आपली गाडी चंद्रा नदीच्या पात्रात घातली आणि पोलिसांनी त्याला दंड केला. व्हिडिओसाठी तसले काही करण्याचा विचार ताफ्यातल्या कुणाच्या मनात असेल, तर त्याला आधीच थांबवा.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, स्टेपनीचेही पाहा. ती स्टेपनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा स्वतःच्या हाताने बदलून बघा, जॅकखाली ठेवायला जाड फळी घ्या आणि हवा भरायचा छोटा पंप बरोबर ठेवा.

मग करायचे काय? पत्नीने सुचवलेला "तू एकटा जा" हा पर्याय मला पटत नाही, कारण एकट्याने गेल्याने रजा वाढत नाही. तोच घाईचा बेत फक्त कमी माणसांच्या जिवावर होईल. जूनमध्येच जायचे असेल तर गाडी ठाण्यात ठेवा, विमानाने किंवा रेल्वेने चंदीगड गाठा, तिथल्या चालकासह गाडी घ्या आणि सांगला-कल्पापर्यंत किन्नौर निवांत पाहून या. स्पितीचे नाव काढू नका आणि पावसाचा इशारा असेल तर सिमल्यातच थांबायची तयारी ठेवा. त्या चालकाशेजारी पुढच्या सीटवर बसून तो कुठे थांबतो, कुठे हॉर्न देतो, कोणत्या गिअरमध्ये उतरतो हे पाहणे हे तुमच्यासाठी उत्तम शिक्षण ठरेल.

मला स्वतःला मात्र दुसरा पर्याय अधिक आवडतो. सप्टेंबरच्या मध्यानंतर पाऊस ओसरलेला असतो, नाल्यांचे पाणी उतरलेले असते आणि कुंझुम सहसा अजून उघडी असते. तेव्हा किमान १५ दिवसांची रजा घ्या, स्वतःच्या गाडीने किन्नौरमार्गे काझाला जा, तिथे दोन रात्री राहा आणि त्याच वाटेने परत या. यात दोन दिवस पूर्ण मोकळे ठेवा. मुलीची शाळा बुडेल; सहामाहीच्या वेळापत्रकाकडे पाहून तारखा पुढेमागे करा. वडिलांना डॉक्टरांनी होकार दिला तरी मैदानातला लांबचा प्रवास त्यांना गाडीतून घडवू नका, ते विमानाने चंदीगडला येऊन तुम्हाला भेटू शकतात. डॉक्टर नको म्हणाले तर नको.

मधल्या तीन-चार महिन्यांत सराव करा, आणि तो दोघांनी करा. इगतपुरीच्या परिसरात फोर बाय फोर चालवण्याचे रीतसर प्रशिक्षण मिळते. त्याला पत्नीलाही घेऊन जा. जव्हार-मोखाड्याच्या किंवा घाटघर-भंडारदऱ्याच्या रस्त्यांवर पाऊस कमी असलेल्या दिवशी एकदा त्यांच्या हाती चाक द्या आणि तुम्ही शेजारी बसा. हवामान खात्याचा लाल किंवा नारिंगी इशारा असेल त्या दिवशी घाटात सरावाला जाऊ नका. येऊरला गाडी घेऊन रानात शिरू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. आणि कुणाच्या भातखाचरात तर गाडी घालूच नका.

पत्नीशी बोलताना गाडीची क्षमता सांगणारे व्हिडिओ दाखवू नका. त्यांना विचारा, की नेमके काय झाले तर काय करायचे, हे ठरलेले नाही म्हणून तुला भीती वाटते? बाबांना त्रास झाला तर, रस्ता बंद झाला तर, तुझ्या जागी मी चालवायची वेळ आली तर, असे त्यांचे प्रश्न असतील, आणि त्यांची उत्तरे आज तुमच्यापाशी नाहीत. ती दोघांनी मिळून कागदावर लिहा. कुठून मागे फिरायचे, किती वाजल्यानंतर पुढे निघायचे नाही, कोणत्या लक्षणाला लगेच उतरायचे, हे त्यात असू द्या आणि थांबायचे म्हणण्याचा शेवटचा अधिकार त्यांना द्या. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हे त्या कागदावर पहिले असावे.

राहिले भरलेले पैसे. त्या रकमेसाठी हा बेत रेटू नये. हॉटेलांना या आठवड्यातच फोन करून तारखा सप्टेंबरअखेरीस हलवता येतील का, ते विचारा. हंगाम सुरू होण्यापूर्वी विचारले तर काही जण ऐकतात, ऐन वेळी कुणी ऐकत नाही. मनाली बाजूचे मुक्काम रद्द करून नारकंडा, कल्पा आणि ताबो येथे नवे मुक्काम घ्यावे लागतील. आणि सोसायटीतल्या चारही कुटुंबांना हे फोन करण्याआधी सांगा, कारण तुमच्यासारखाच प्रश्न त्यांच्यातल्या कुणाच्या तरी घरी चाललेला असण्याची शक्यता आहे, आणि त्यांनाही तारखा बदलायला तेवढाच वेळ हाती आहे.